चार आण्यांची कोंबडी आणि संगणकाची किंमत

‘चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला’ ही म्हण तुम्ही घरी ऐकली असेल. कोंबडी विकत घेताना तिची किंमत चार आणेच असते, दुकानदार खोटे बोलत नाही. पण जेवण पानात पडेपर्यंत रुपया संपलेला असतो. संगणकाचेही असेच आहे. जाहिरातीत छापलेली किंमत ही फक्त कोंबडीची किंमत. मसाल्याचा हिशेब कसा करायचा, ते आज आपण पाहू या. गणित सातवी-आठवीचेच आहे. अवघड काय असेल, तर काय मोजायचे आणि काय सोडायचे हे ठरवणे.

हा विषय डोक्यात येण्याचे कारण सांगतो. २०२५ च्या जून महिन्यात आमच्या तालुक्यातील एका शाळेच्या मुख्याध्यापकांनी मला बोलावले. शाळेला देणगी मिळाली होती, सहा लाख रुपये. त्यातून संगणक घ्यायचे होते. विंडोजचे घ्यावेत, की मॅक घ्यावेत, की लिनक्स घालून घ्यावेत, की हल्ली निघाले आहेत ते क्रोमबुक घ्यावेत, यावर समितीत एकमत होईना. मुख्याध्यापक म्हणाले, “सर, तुम्ही एवढंच सांगा, सगळ्यांत स्वस्त कोणता?”

मी म्हटले, आधी जुनी संगणक-खोली दाखवा. २०१६ साली घेतलेले पंधरा संगणक तेथे कापडी खोळी घालून ओळीने बसले होते. त्यांतले चालू होते चार. पाच यंत्रे केवळ यूपीएसच्या बॅटऱ्या संपल्या म्हणून बंद होती. सहांपैकी कोणाची हार्ड डिस्क गेली होती, कोणाचा पॉवर सप्लाय जळला होता. खरेदीचे बिल मात्र फाइलमध्ये नीट लावलेले होते, आणि त्यावर ‘सर्वांत कमी दराची निविदा’ असा शेराही होता. देणगी खरेदीसाठी होती, देखभालीसाठी एक रुपयाही नव्हता. चार-दोन हजारांच्या सुट्या भागांवाचून अकरा यंत्रे अडून बसली, आणि मुलांच्या तीन-चार तुकड्या कळफलकाला हात न लावता दहावी होऊन बाहेर पडल्या. खरी महागाई ही होती, पण ती कोणत्याच बिलावर लिहिलेली नव्हती.

छापील किंमत आणि खरी किंमत

ही गोष्ट आजची नाही. ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएम कंपनीने आपला ‘पर्सनल कॉम्प्युटर’ बाजारात आणला. त्याची सुरुवातीची किंमत १,५६५ डॉलर होती. त्या पैशांत मिळत होती फक्त १६ किलोबाइट स्मृती. डिस्क ड्राइव्ह नव्हता, पडदाही नव्हता. यंत्र घरच्या टीव्हीला जोडायचे आणि माहिती साठवायला कॅसेट रेकॉर्डर वापरायचा! कार्यालयीन उपयोगाचे यंत्र हवे, तर किंमत बरीच वर जाई. जानेवारी १९८४ मध्ये ॲपल कंपनीचा मॅकिन्टॉश आला, २,४९५ डॉलरला. त्यात पडदा आणि डिस्क ड्राइव्ह होते. आता १,५६५ आणि २,४९५ या दोन आकड्यांची नुसती वजाबाकी करून ‘आयबीएमचा ९३० डॉलरने स्वस्त’ असे म्हणणे कितपत योग्य? दोन निरनिराळ्या राशींची ती वजाबाकी झाली. मीटरमधून किलोग्रॅम वजा करण्यासारखेच ते आहे.

कंपन्यांच्या कार्यालयांत असे संगणक हजारोंनी बसू लागले, तसे हिशेबनिसांच्या ध्यानात आले की खरेदीपेक्षा पुढचाच खर्च मोठा आहे. १९८७ साली गार्टनर या अमेरिकन सल्लागार संस्थेने हा सगळा खर्च एकत्र मांडण्याची पद्धत रूढ केली. तिला आपण ‘मालकीचा एकूण खर्च’ म्हणू. यंत्र घरात आल्यापासून भंगारात जाईपर्यंत त्याच्यापायी जे जे पैसे जातात, ते सर्व त्यात येतात.

हिशेबाचे सूत्र

सूत्र सोपे आहे. खरेदीची किंमत घ्या. त्यातून शेवटी यंत्र विकून जे येईल ते वजा करा. त्यात दुरुस्ती, आज्ञावली, वीज आणि माणसाची मजुरी हे सर्व वर्षांचे खर्च मिळवा. येणाऱ्या बेरजेला यंत्र जितकी वर्षे वापरले त्या संख्येने भागा. उत्तर येईल ‘रुपये दर वर्षी’ या एककात. एकक लिहायला विसरू नका. दोन यंत्रांची तुलना याच एककात करायची.

एक उदाहरण सोडवू. यातील आकडे मी केवळ समजावण्यासाठी धरले आहेत, ते बाजारभाव नव्हेत. समजा, शाळेत संगणक दिवसाला ५ तास आणि वर्षाला २२० दिवस चालतो. म्हणजे वर्षाला १,१०० तास. विजेचा दर युनिटला १० रुपये धरू.

पहिला संगणक ३५,००० रुपयांचा. तो १०० वॅट वीज घेतो, म्हणजे वर्षाला ११० युनिट, अर्थात १,१०० रुपये. देखभालीला वर्षाला ३,५०० रुपये लागतात. चार वर्षांनी तो २,००० रुपयांना विकला जातो. एकूण खर्च: ३५,००० उणे २,०००, अधिक देखभाल १४,०००, अधिक वीज ४,४००, म्हणजे ५१,४०० रुपये. त्याला ४ ने भागले की आले १२,८५० रुपये दर वर्षी.

दुसरा संगणक ५६,००० रुपयांचा. तो ५० वॅट घेतो, म्हणून विजेचे वर्षाला ५५० रुपये. देखभाल ३,००० रुपये. तो आठ वर्षे चालतो आणि शेवटी ४,००० रुपयांना जातो. एकूण: ५६,००० उणे ४,०००, अधिक २४,०००, अधिक ४,४००, म्हणजे ८०,४०० रुपये. ८ ने भागा, १०,०५० रुपये दर वर्षी.

पाहा, दुकानात २१,००० रुपयांनी महाग असलेले यंत्र दर वर्षाला २,८०० रुपयांनी स्वस्त पडले! दहा यंत्रे असतील, तर वर्षाला २८,००० रुपयांचा फरक. तुमच्यातला एखादा चौकस विद्यार्थी विचारील, “ते जादा २१,००० रुपये बँकेत ठेवले असते तर व्याज मिळाले नसते का?” शंका रास्त आहे. ७ टक्के दराने चार वर्षांत सुमारे साडेसहा हजार रुपये व्याज झाले असते. आठ वर्षांत विभागले तर वर्षाला आठशे रुपये. शिवाय चार वर्षांनी पहिल्या जातीचा दुसरा संगणक घ्यावाच लागतो, म्हणून व्याजाचा फायदा तेथेच थांबतो. फरक कमी झाला, पण उलटला नाही.

पण थांबा. ‘महाग तेच शेवटी स्वस्त’ असा नियम यातून काढू नका. समजा, दुसरा संगणकही आपण चौथ्याच वर्षी १०,००० रुपयांना विकून टाकला. मग खर्च येतो ५६,००० उणे १०,०००, अधिक १२,०००, अधिक २,२००, म्हणजे ६०,२०० रुपये आणि दर वर्षी १५,०५० रुपये. आता तो दोघांत महाग ठरला. उलट पहिला संगणक सांभाळून सहा वर्षे चालवला आणि शेवटी १,००० रुपयांना दिला, तर दर वर्षी सुमारे १०,२७० रुपये पडतात. म्हणजे तो जवळजवळ दुसऱ्याच्या बरोबरीला येतो. म्हणजे या सूत्रात सर्वांत वजनदार राशी कोणती? किंमत नव्हे, वीज तर नव्हेच. ती आहे छेदातली ‘वर्षे’.

यंत्राचे आयुष्य कोण ठरवते?

पंखा किंवा शिलाई यंत्र झिजून निकामी होते. संगणकाचे तसे नाही. पुष्कळ वेळा तो चांगला चालत असतानाच निवृत्त होतो, कारण त्याच्या कार्यप्रणालीला मिळणाऱ्या सुरक्षेच्या दुरुस्त्या बंद होतात. अशा दुरुस्त्यांवाचून संगणक महाजालाला जोडणे म्हणजे दाराची कडी मोडली असताना ती तशीच ठेवणे होय. निरनिराळ्या जातींच्या संगणकांतला खरा फरक येथे आहे.

विंडोजचे पाहा. विंडोज एक्सपी ऑक्टोबर २००१ मध्ये आली आणि तिचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी संपला. विंडोज १० जुलै २०१५ मध्ये आली आणि तिचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. पुढची विंडोज ११ ही २०२१ साली आली, पण तिने यंत्रात विशिष्ट सुरक्षा-चकती आणि नव्या पिढीचा प्रक्रियक असण्याची अट घातली. २०१६ सालचे बहुतेक संगणक त्या यादीत बसत नाहीत. आमच्या त्या शाळेतले चार चालू संगणक नेमके असेच होते.

मॅकमध्ये यंत्र आणि कार्यप्रणाली एकाच कंपनीची असते. त्यामुळे जुळणी चांगली राहते आणि जुन्या यंत्रालाही बऱ्यापैकी भाव येतो. मात्र ही कंपनी मधूनमधून प्रक्रियकच बदलते. १९९४ साली बदलला, २००६ साली इंटेलचा घेतला, आणि २०२० पासून स्वतःचा घालण्यास सुरुवात केली. २०२५ मध्ये निघालेली कार्यप्रणाली इंटेलवाल्या मॅकसाठी शेवटची, असे कंपनीने जाहीर केले. मॅकची दुरुस्तीही महाग असते, आणि तालुक्याच्या गावी ती करणारा सहसा मिळत नाही.

क्रोमबुक २०११ पासून विकले जाऊ लागले. ते स्वस्त असते आणि त्याची बहुतेक कामे महाजालावर होतात. यात प्रत्येक नमुन्याच्या दुरुस्त्या कोणत्या तारखेला थांबणार, हे आधीच ठरलेले असते. पूर्वी ही मुदत कमी होती. सप्टेंबर २०२३ मध्ये गूगलने ती दहा वर्षे करण्याचे जाहीर केले. पण लक्षात ठेवा, मुदत तो नमुना निघाल्यापासून मोजतात, तुम्ही विकत घेतल्यापासून नाही. जुन्या नमुन्याचा माल ‘सवलतीत’ मिळाला, तर आधी ती तारीख पाहावी.

लिनक्स ही फुकट मिळणारी कार्यप्रणाली. तिच्या उबुंटू या प्रकाराची दीर्घ मुदतीची आवृत्ती दर दोन वर्षांनी निघते आणि तिला पाच वर्षे दुरुस्त्या मिळतात. नंतर पुढची आवृत्ती घ्यायची, तीही फुकटच. अनेक जुनी यंत्रे हिच्यावर आणखी काही वर्षे काढतात. मग प्रश्नच मिटला म्हणायचा का? नाही. येथे मसाला निराळा आहे.

एकच शहर, दोन हिशेब

जर्मनीतील म्युनिक शहराच्या नगरपालिकेने २००३ साली आपले संगणक विंडोजवरून लिनक्सवर नेण्याचे ठरवले. काम २०१३ पर्यंत चालले आणि सुमारे पंधरा हजार संगणक बदलले गेले. २०१२ साली पालिकेने हिशेब मांडला: लिनक्सला सुमारे २.३ कोटी युरो लागले, विंडोज ठेवली असती तर ३.४ कोटी लागले असते. त्यानंतर लवकरच ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीचा एक अहवाल निघाला. त्यात लिनक्सचा खर्च सहा कोटींच्या वर आणि विंडोजचा फक्त १.७ कोटी दाखवला होता! पालिकेने हा अहवाल अमान्य केला. अहवाल कोणी करवून घेतला होता? विंडोज विकणाऱ्या मायक्रोसॉफ्ट कंपनीने.

शहर एक, संगणक तेच, मग उत्तरे इतकी वेगळी कशी? उष्मागतिकी शिकताना आपण आधी एक गोष्ट ठरवतो, प्रणालीची सीमा. भांड्यातले पाणी एवढीच प्रणाली, की भांडे आणि शेगडीही धरून? सीमा बदलली की ऊर्जेचा हिशेब बदलतो. पैशांचेही तसेच. कर्मचाऱ्यांच्या शिक्षणाचा वेळ आत की बाहेर? जुने नमुने नव्याने तयार करण्याचे श्रम आत की बाहेर? तुलना विंडोजच्या नव्या आवृत्तीशी की जुन्या? २०१७ साली म्युनिकच्या नगरसभेने पुन्हा विंडोजकडे जाण्याचा निर्णय घेतला, आणि २०२० मध्ये आलेल्या नव्या आघाडीने शक्य तेथे खुल्या आज्ञावली वापरण्याचे ठरवले. प्रत्येक वळणाला नवा खर्च आलाच. जात बदलण्याचा खर्च हा स्वतंत्र आकडा आहे, तो हिशेबात धरलाच पाहिजे.

आपल्या देशातले उदाहरण केरळचे. तेथील शाळांत अनेक वर्षे लिनक्सच वापरले जाते. २०१९ साली तेथील शासकीय संस्थेने सांगितले की, दोन लाख संगणकांवर यामुळे तीन हजार कोटी रुपये वाचतात. तुम्ही लगेच भागाकार करा. एका संगणकामागे दीड लाख रुपये! ही सर्व आज्ञावली विकत घ्यायची झाली असती तर लागली असती अशी रक्कम आहे. पण एवढ्या किमतीची आज्ञावली कोणती शाळा प्रत्येक संगणकावर घेणार होती? केरळचा प्रयोग मोठा आहे, शिक्षक तयार झाले, मुलांना साधने मिळाली, यात शंका नाही. पण ‘वाचले’ या शब्दाचा अर्थ, ‘खरोखर खर्च झाले असते त्यातून वाचले’ असा घ्यायचा असेल, तर तुलनेचा पाया तपासावा लागतो.

अमेरिकेचे उत्तर आपले उत्तर असते का?

आता तिसरे उदाहरण. ज्या आयबीएमने १९८१ साली पीसी आणला, तिने २००५ साली तो धंदा लेनोवो कंपनीला विकला आणि २०१५ पासून स्वतःच्याच कर्मचाऱ्यांना मॅक द्यायला सुरुवात केली. तिच्या अधिकाऱ्यांनी सांगितले, मॅक वापरणाऱ्यांपैकी ५ टक्के लोकांनाच मदत-कक्षाला फोन करावा लागतो, पीसी वापरणाऱ्यांपैकी ४० टक्क्यांना. २०१६ मध्ये त्यांनी बचतही सांगितली, चार वर्षांत दर मॅकमागे अडीचशे ते साडेपाचशे डॉलरांच्या दरम्यान. ही माहिती दिली गेली ती मॅकची व्यवस्था पाहणारी आज्ञावली विकणाऱ्या कंपनीच्या परिषदेत, हेही ध्यानात असू द्या.

आकडे खरे मानले, तरी ते आपल्या शाळेला लागू होतील का? बचत कशातून झाली ते पाहा. बरीचशी तंत्रज्ञाच्या वेळातून. समजा, एका यंत्रामागे चार वर्षांत तंत्रज्ञाचे वीस तास वाचले. ताशी २,५०० रुपये मजुरी असेल, तर ५०,००० रुपये वाचले, आणि महाग यंत्र परवडले. ताशी २५० रुपये असेल, तर वाचले फक्त ५,०००. आपल्याकडे मजुरी रुपयात ठरते, तर यंत्राची किंमत डॉलरच्या भावाबरोबर चढते. म्हणून सूत्र तेच राहिले, तरी त्यातल्या राशींची वजने देशागणिक बदलतात. परदेशातले उत्तर उसने आणू नये, सूत्र आणावे आणि आकडे आपले घालावेत.

आपल्याकडचा एक खर्च तर परदेशी कोष्टकात सापडणारही नाही. युनिकोड येण्यापूर्वी मराठी मजकूर निरनिराळ्या खासगी फॉन्टांत टंकित होत असे. तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर उघडला की अक्षरांच्या जागी चिन्हांची खिचडी दिसते. त्या शाळेच्या कितीतरी वर्षांच्या प्रश्नपत्रिका अशाच अडकल्या होत्या. त्या पुन्हा टंकित कराव्या लागल्या. एखाद्या जातीतून बाहेर पडण्याचा खर्च तो हा. तो आज टाळायचा असेल, तर मजकूर युनिकोडमध्येच ठेवावा.

शाळेने काय केले?

आम्ही समितीसमोर फळ्यावर सूत्र मांडले आणि रकाने भरले. सहा लाखांत पन्नास हजारांचे बारा संगणक येत होते. शेवटी ठरले ते असे: ४८,००० रुपयांचे नऊच घ्यायचे. त्याचे ४,३२,००० रुपये. उरलेले १,६८,००० रुपये बँकेत, केवळ देखभालीसाठी. मुलांच्या यंत्रांवर लिनक्स, कारण संगणक शिकवणाऱ्या बाईंनी उन्हाळ्याच्या सुट्टीत ते शिकून घेण्याची तयारी दाखवली. कार्यालयाच्या एका यंत्रावर विंडोज, कारण तेथील कामाची आज्ञावली तीच मागते. बाईंची तयारी नसती, तर मीच वेगळा सल्ला दिला असता. जुन्या पंधरांतलेही सुटे भाग बदलून सात पुन्हा सुरू झाले.

नऊ यंत्रांची बातमी बारांच्या बातमीपेक्षा लहान दिसते, असे एक सदस्य म्हणालेही. पण पाच वर्षांनी चालू असणारी नऊ यंत्रे, खोळी घातलेल्या बारांपेक्षा संख्येने जास्त असतात, हे मुलांना वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

आता तुमच्यासाठी एक गृहपाठ. तुमच्या शाळेतल्या किंवा घरातल्या संगणकाचे बिल शोधा. तो कधी घेतला, आजवर दुरुस्तीला किती गेले, दिवसाला किती तास चालतो, हे विचारून लिहा. वॅट यंत्राच्या मागच्या पट्टीवर असतात. मात्र तो जास्तीत जास्त आकडा असतो, प्रत्यक्ष वापर त्याहून कमी असतो. सूत्रात आकडे घाला आणि ‘रुपये दर वर्षी’ काढा. मग ‘वर्षे’ या राशीत एकाची भर घालून पुन्हा काढा. उत्तर किती खाली येते ते पाहा, आणि ते एक वर्ष मिळवण्यासाठी काय करावे लागेल, याची चर्चा आपल्या सरांशी किंवा बाईंशी करा.